दोन तारांची अदलाबदल

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. आकार माणसाच्या धडाचा. डोके नाही, हात नाहीत. ख्रोनिंगन शहरातल्या विद्यापीठात वीबे नावाच्या कारागिराने मला घडवले आणि माझ्या अंगावर एकशे ब्याण्णव चांदीची टोके बसवली. पोटात मिठाचे पाणी भरायचे, त्यात कृत्रिम हृदय टांगायचे आणि त्याची वीज छातीवर कुठे किती उमटते ते मोजायचे, एवढेच माझे काम.

हे काम माझ्याकडून करून घेतले गेस्के पोस्टुमा बाईंनी. मिठाच्या पाण्याने त्यांच्या बोटांची साले निघत. अकरा वर्षांनी त्या विजेचा नकाशा एका वैद्यकीय मासिकात छापून आला. डॉक्टर तो वापरू लागले, माझेही फोटो निघाले. वसंतात बाई प्राध्यापक होणार, असे सगळे धरूनच चालले होते.

त्याच हिवाळ्यात मोजमाप पुन्हा तपासताना बाईंना दिसले की माझ्या पाठीमागच्या दोन तारा एकमेकींच्या जागी जोडल्या आहेत. म्हणजे नकाशाची डावी बाजू चुकली होती. त्यांनी वीबेला बोलावून दाखवले.

वीबे बराच वेळ चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "गेस्के, हे फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. नेमणूक होऊ दे, मग सावकाश सुधारू."

"डॉक्टर तो पेशंटवर वापरतायत, वीबे."

"मग माझं नाव सांग. जोडणी माझी होती."

"आणि तपासणी माझी होती," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या.

त्या दुपारी त्यांनी नकाशा मागे घेत असल्याचे मासिकाला आणि इस्पितळांना कळवले. जागा दुसऱ्याला मिळाली. वीबे कित्येक आठवडे दुपारचा पाव बाईंना टाळून एकटाच खात होता. मग एके सकाळी तो न सांगता आला आणि माझी एकेक तार सोडवू लागला. बाकीच्या जोडण्यांवरही भरवसा उरला नव्हता, म्हणून सगळे पुन्हा मोजायला सहा वर्षे लागली. नव्या नकाशाचे कौतुक फारसे झाले नाही. बाई त्रेपन्नाव्या वर्षी प्राध्यापक झाल्या, तेव्हा सभागृह अर्धे रिकामे होते.

त्या निवृत्त झाल्या. पुढच्यांनी माझ्यात पाणी तसेच ठेवले. मिठाने माझी चांदी खाल्ली. आता मी तळघरात आहे, आणि खरे सांगते, दमले आहे.

मित्रांनो, काम झाले की पाणी ओतून टाका, कोरड्या फडक्याने पुसा. जागा गेल्याचे पत्र आले त्या संध्याकाळीही बाईंनी कोट घालण्याआधी मला रिकामे केले होते, आणि सगळी एकशे ब्याण्णव टोके पुसली होती.