डाव्या खुर्चीचा हेडसेट

हेडसेट बापाचा होता. बाप गेल्यावर तो थोरल्याच्या डोक्यावर चढला, याचं धाकट्याला नवल वाटलं नव्हतं, पण पोटात मात्र दुखलं होतं आणि ते दुखणं इतक्या वर्षांत काही बरं झालं नव्हतं. दोघा भावांचं मिळून एकच विमान, दोन इंजिनांचं, म्हातारं पण धडधाकट. त्यातून औषधांची खोकी, यंत्रांचे सुटे भाग आणि टपालाच्या थैल्या घेऊन ते रोज समुद्रापलीकडच्या बेटांवर जात आणि ऊन उतरायच्या आत परत येत. बापाने घालून दिलेला नियम एवढाच, की डावी खुर्ची कॅप्टनची आणि हा हेडसेट डाव्या खुर्चीचा. धाकटा कुठलातरी साधा हेडसेट लावून उजवीकडे बसे आणि मधल्या दोन वितींच्या जागेत दोघांच्या कोपरांचं वैर चाले.

हेडसेट दिसायला काही फार देखणा नव्हता. कानांवरच्या वाट्या जाडजूड, आतल्या गाद्यांना भेगा पडलेल्या, डोक्यावरच्या पट्टीला बापानेच कधीतरी गुंडाळलेली काळी चिकटपट्टी. ऑफिसातल्या भिंतीवर बापाचा एक फोटो होता, त्यातही हा हेडसेट त्याच्या गळ्यात दिसे. विमानाला टेकून बाप हसतोय आणि उजवा हात बाजूला पसरून असा धरलाय, की कुणाच्यातरी खांद्यावर टाकला असावा. पण त्या हाताखाली कुणीच नाही. लहानपणी दोघं भाऊ तसाच हात धरून बापाची नक्कल करायचे आणि हसून हसून लोळायचे. हल्ली दोघांना एकत्र हसायला काही उरलं नव्हतं.

प्रश्न उभा राहिला तो डॉक्टरमुळे. लायसन्ससाठी दरवर्षी तपासणी व्हायची, त्यात यंदा डॉक्टरने थोरल्याच्या कानांचा आलेख बराच वेळ न्याहाळला. "या कानांना आता इंजिनाचा मार सोसत नाही," तो म्हणाला. "आवाज कमी करण्याचं काहीतरी बघा. पुढच्या खेपेला आलेख आणखी घसरला, तर मी सही करणार नाही." सही नाही म्हणजे उड्डाण नाही, आणि आपलं उड्डाण बंद म्हणजे डाव्या खुर्चीत धाकटा, एवढा हिशेब थोरल्याने दवाखान्याचा जिना उतरायच्या आतच मांडला होता.

हँगरच्या कोपऱ्यात एक बाई रेडिओ आणि हेडसेट दुरुस्त करायची, तिला सगळे रेडिओवाली म्हणत. तिने बापाचा हेडसेट उलटसुलट करून पाहिला. "दोन वाटा आहेत, कॅप्टन," ती म्हणाली. "याच वाट्यांमध्ये आवाज मारणारी नवी यंत्रणा बसवून देते, नाहीतर सरळ नवा घ्या."

"आवाज मारते म्हणजे काय करते?"

"आत बारीक माइक असतो. तो बाहेरचा गोंगाट ऐकतो आणि त्याच्या नेमका उलटा आवाज कानात सोडतो. दोन्ही आवाज एकमेकांना खाऊन टाकतात, आणि उरते शांतता. तुमचा स्वतःचा आवाज मात्र कानात येत राहील. तो आला की समजायचं, माइक चालू आहे."

धाकटा दाराला टेकून उभा होता. "नवाच घे, दादा," तो म्हणाला. "हलका असतो, मानेलाही बरा. हा मी वापरीन."

"तू वापरशील म्हणजे डावीकडे बसशील."

"आज ना उद्या बसायचंच आहे."

"मग उद्या बस," थोरला म्हणाला, आणि रेडिओवालीला म्हणाला, "यातच बसवा." जुनं जपायची त्याला एरवी काही हौस नव्हती, भाऊ नवा घे म्हणाला, म्हणून जुना ठेवायचा, इतकं ते साधं होतं.

पहिल्याच उड्डाणात त्याने वाटीवरचं बटण दाबलं आणि कुणीतरी दार लोटून घ्यावं तशी दोन्ही इंजिनं विझली. विझली म्हणजे चालूच होती, पायांखाली थरथर जाणवत होती, काचेबाहेर पंख्यांच्या धूसर चकत्या दिसत होत्या, पण आवाज नव्हता. टॉवरमधल्या माणसाचं बोलणं शेजारी बसून बोलावं तसं स्पष्ट येत होतं. थोरल्याला इतकं हलकं वाटलं, की तो चक्क गुणगुणायला लागला आणि आपलं गुणगुणणं कानात ऐकून त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. बेटाजवळ येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं नव्हतं, की बटण दाबल्यापासून धाकटा एक अक्षर बोललेला नाही. फुगलाय, त्याने मनात म्हटलं. फुगू दे. मग सहज मान वळवून पाहिलं, तर धाकट्याचे ओठ हलत होते.

त्याने बटण बंद केलं. इंजिनं गर्जत परत आली. धाकटा काही आला नाही.

उतरल्यावर थोरला तडक रेडिओवालीकडे गेला. तिने हेडसेट स्वतःच्या कानांना लावला, धाकट्याला विमानात बसवून बोलायला लावलं आणि मान डोलावली. "खणखणीत येतोय आवाज. तुम्हाला काय होतंय नेमकं?"

थोरल्याने कानाकडे नेलेला हात मागे घेतला. तिला ऐकू येतं आणि मला येत नाही, हे एकदा तोंडातून गेलं, की ते डॉक्टरपर्यंत जायला वेळ लागणार नव्हता. "काही नाही," तो म्हणाला, "बघत होतो." तेवढ्यात धाकटा जवळ आला आणि त्याच्याकडे बघत काहीतरी म्हणाला. हेडसेट अजून रेडिओवालीच्या हातात होता. थोरल्याचे कान मोकळे होते. बाहेर गवत कापायचं यंत्र चाललेलं त्याला ऐकू येत होतं, पत्र्यावर चिमण्या उतरलेल्या ऐकू येत होत्या.

तो दुसऱ्या गावी जाऊन, नाव न सांगता, एका कानवाल्याकडून तपासून आला. बारीकातला बारीक सूरही त्याने पकडला. कान उत्तम आहेत, उलट सुधारलेत, असं कानवाला म्हणाला. ही बातमी कुणाला सांगावी आणि कशी, हे थोरल्याला कळेना.

घरी त्याच्या बायकोला वाटलं, याने भावाशी अबोला धरलाय. जेवताना धाकटा बोले, ती उत्तर देई आणि थोरल्याला तिचीच अर्धी अर्धी वाक्यं ऐकू येत. "हो ना, भाऊजी, मीही तेच म्हणते," ती म्हणायची. मग नुसती शांतता. मग ती हसायची. थोरला घास चावत बसे. त्याला भीती वाटत होती हे खरं. पण खरं सांगायचं तर त्याला ते आवडतही होतं. वर्षानुवर्षं ज्या आवाजाने त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटीवर पाय दिला होता, तो आवाज घरातून गेला होता आणि घर प्रशस्त वाटत होतं. या माणसाच्या आवाजाशिवाय जग किती छान चालतं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने आणखी एक पोळी मागून घेतली.

"किती दिवस चालायचं हे?" बायकोने एकदा भांडी आवरताना विचारलं. "रडले आज ते. तुमच्यासमोर बसून रडले, आणि तुम्ही वरण वाढा म्हणालात."

थोरल्याने धाकट्याला रडताना पाहिलं नव्हतं. समोरच बसला होता तो. आता आठवू लागला, तर समोरची खुर्चीच तेवढी आठवत होती.

विमानात त्याचं निभून जात होतं, कारण विमानात बोलणं असं नसतंच. डावा विचारतो, उजवा बघून उत्तर देतो आणि शब्द रोज तेच असतात. इंधन? पुरेसं. दारं? बंद. चाकं? खाली, हिरवे दिवे. वर्षानुवर्षं घोकलेली ही प्रश्नोत्तरं. थोरला प्रश्न टाकी, डोळ्यांच्या कोपऱ्यातून ओठ हलले की ठरलेलं उत्तर मनातच म्हणून घेई आणि पुढे जाई. उत्तर आपणच देतोय हे तो हळूहळू विसरलासुद्धा.

मग एकदा निघताना टॉवरने रोजचाच प्रश्न विचारला, "विमानात किती जण?" आणि थोरला म्हणाला, "एक."

आपण काय बोललो ते त्याला कळलं ते भावाच्या कोपराच्या ढोसणीने. धाकटा त्याच्याकडे वळून, मानेची शीर फुगवून काहीतरी ओरडत होता. "दोन," थोरल्याने दुरुस्ती केली. "दोन जण. चुकलो."

"दोन," टॉवरवाला हसत म्हणाला. "भावाला खाली विसरलात की काय!"

पुढच्याच आठवड्यात ते बेटाच्या धावपट्टीवर उतरत होते. हवा स्वच्छ, वारा समोरून, उतरायला याहून चांगला दिवस मिळाला नसता. थोरल्याने विचारलं, "चाकं?" कोपऱ्यातून ओठ हलले. खाली, हिरवे दिवे, त्याने मनात म्हटलं आणि विमान आणखी खाली सोडलं. ओठ हलतच राहिले. बडबड्या मेला, असं त्याच्या मनात येतंय तोच धाकट्याचा हात त्याच्या हातावर आदळला, दोन्ही इंजिनांचे दांडे एकदम पुढे गेले आणि विमान धावपट्टीवरच्या गवताला हवेचा फटका मारत वर उठलं. थोरल्याने दिव्यांकडे पाहिलं. एकही हिरवा नव्हता. चाकं पोटातच होती.

दुसऱ्या खेपेला चाकं आली आणि ते नीट उतरले. धावपट्टीच्या कडेला धाकटा त्याची कॉलर धरून उभा राहिला. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, थोरल्याच्या गालावर थुंकीचे थेंब उडत होते. समुद्राचा आवाज येत होता. आपला भाऊ आपल्याला काय म्हणतोय हे ऐकावं, निदान शिव्या तरी ऐकाव्यात, असं थोरल्याला पहिल्यांदाच मनापासून वाटलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या संध्याकाळी बायको दोघांच्या मधे बसली. "भाऊजी म्हणतात, त्यांनी चारदा सांगितलं तुम्हाला. चाकं नाहीत, वर घे. चारदा."

"हेडसेट बिघडलाय," थोरला म्हणाला.

बायकोने धाकट्याकडे पाहिलं, थोडा वेळ ऐकलं. "ते म्हणतात, मग नवा घ्या. नवा येऊन सवय होईपर्यंत ते डावीकडे बसतील. नाहीतर उद्या ते डॉक्टरकडे जातील."

"आणि जुना?"

"जुना डाव्या खुर्चीचा," बायको म्हणाली, आणि हे तिचं वाक्य की त्याचं, ते थोरल्याला कळलं नाही.

त्याने हो म्हटलं. खरंच बिघाड असेल, तर या निमित्ताने सुटका होईल. चार दिवस उजवीकडे बसायचं, आणि कान ताळ्यावर आले की आपली जागा परत घ्यायची. नवा हेडसेट आला. हलका होता, गाद्या मऊ होत्या. त्या सकाळी रेडिओवालीने स्वतः तो त्याच्या कानांवर बसवला. बापाचा हेडसेट धाकट्याने आधीच चढवला होता आणि तो त्याच्या डोक्यावर नीट बसला होता, जरा जास्तच नीट.

इंजिनं सुरू झाली आणि बटण दाबताच कानात विझली. मग थोरल्याच्या कानात, इतक्या दिवसांनी, भावाचा आवाज आला. किंचित बसका, बापासारखा. "इंधन?"

थोरला भावाकडे वळला. "पुरेसं," तो म्हणाला. "अरे, येतोयस तू ऐकू! खरंच सांगतो, ऐकू येतोयस."

धाकट्याने मान वळवली नाही. "पुरेसं," तो स्वतःच म्हणाला. "दारं? बंद."

आता याने अबोला धरला, थोरल्याने मनात म्हटलं. धरू दे, आपणही कमी छळलं नाही. "हे बघ," तो म्हणाला, "त्या दिवशी जे झालं ते..." आणि थांबला. आपला आवाज त्याच्या कानात येत नव्हता. माइक ओठांजवळ ओढून तो पुन्हा बोलला. ओठ हलले, छातीत कंप जाणवला, कानात मात्र स्वच्छ शांतता होती. त्याने हात पुढे करून भावाच्या खांद्यावर ठेवला. धाकट्याने माशी उडवावी तसा खांदा जरासा झटकला आणि मोकळ्या जागेत ऐसपैस कोपर पसरलं.

"सुप्रभात," टॉवरवाला म्हणाला. "विमानात किती जण?"

"एक," धाकटा म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. थोरल्याने आपल्या बाजूचं बोलायचं बटण दाबलं, अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबून धरलं, आणि ओरडला, "दोन! दोन जण आहोत!"

टॉवरवाला क्षणभर थांबला, कागदावर लिहिताना थांबावं तसा.

"एक," तो म्हणाला. "निघा."