पडल्याची बातमी

देवाप्पाने रेडिओ बंद केला आणि एकटाच हसला.

स्कायलॅब पडलं होतं. अमेरिकेने आकाशात सोडलेली ती घराएवढी प्रयोगशाळा काल रात्रीच तुकडे होऊन ऑस्ट्रेलियाकडच्या समुद्रात कोसळली, असं सकाळच्या बातम्यांत सांगितलं होतं. महिनाभर गावाने जीव मुठीत धरला होता. कुणी अंड्यावरच्या कोंबड्या कापून खाल्ल्या, कुणी पोरांची शाळा बंद केली. ते कर्नाटकात पडणार की महाराष्ट्रात, यावरून चहाच्या हॉटेलात दोघांनी एकमेकांची गचांडी धरली होती. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या देवाप्पाने फळ्यावर पृथ्वीचा गोल काढून परोपरीने समजावलं होतं, पण मास्तरचं ऐकतंय कोण. आता एकेकाला गाठून सांगायचं, आणि सुरुवात वहिनीपासून करायची, असं त्याने ठरवलं.

वहिनी म्हणजे राजाबाई, थोरल्या भावाची बायको. देवाप्पाची बायको बाळंतपणाला खानापूरला माहेरी गेल्यापासून ती रोज भाकरी आणून द्यायची. एका भिंतीची दोन घरं, पण भाऊ परशराम कधी यायचा नाही. दोघं भाऊ आठ वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते.

राजाबाई आली ती आज उंबऱ्याशी न थांबता आत आली. भांडं खाली ठेवून भिंतीला टेकून बसली. डोळे सुजलेले होते. देवाप्पाने तोंड उघडलं तेवढ्यात तिने हात वर केला.

"भावजी, मधी बोलू नगा. आज पडंल न्हायतर उद्या पडंल. त्याच्या आधी मला सांगू द्या. आत्ती गेल्या त्या वक्ताचं हाय."

आईचं नाव निघालं आणि देवाप्पा गप्प झाला. आई गेली तेव्हा तो बेळगावला मास्तरकीच्या ट्रेनिंगला होता. शेवटची परीक्षा चालू होती. निरोप पोचला तोवर माती होऊन गेली होती. परशराम एवढंच म्हणाला होता की तार करायला जमलं नाही. त्या दिवसापासून देवाप्पाने भावाचं तोंड बघायचं नाही ठरवलं. आईने शेवटी काय म्हटलं असेल, हा प्रश्न मात्र त्याला आठ वर्षं पोखरत होता, आणि त्याचं उत्तर आज समोर येऊन बसलं होतं. पडलं ते वहिनी, काल रात्रीच पडलं. एवढे चार शब्द बोलायचे होते. त्याने ते गिळले.

राजाबाईने दारातून वर बघितलं. आभाळ भरून आलं होतं.

"कवा पडंल ओ?"

"सांगता येत न्हाय," देवाप्पा म्हणाला.

ते म्हणताना त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलांना तो ओणवं उभं करत असे. तरी तो तसाच बसून राहिला.

मग ती सांगत गेली. आई दोन दिवस धाकट्या देवाला बोलवा म्हणत होती. परशराम तार करायला निपाणीला निघाला, अंगात सदराही घातला होता. तिनेच त्याची वाट अडवली. देवाप्पाच्या परीक्षेचे दोन पेपर राहिले होते. तो उठून आला असता तर पुन्हा कोण बसवणार होतं? नवऱ्यासारखा तोही तंबाखूच्या वखारीत पोती उचलत राहिला असता.

"ह्यास्नी मी गळ्याची शपत घातली, मी आडिवलं म्हणून कुणाला सांगायचं न्हाय. त्यांनी आजपातुर सांगितलं न्हाय. तुमी बोलणं सोडलं, तरीबी न्हाय."

एवढ्यावर ती थांबली. देवाप्पाला वाटलं, संपलं. पण तिला अजून सांगायचं होतं, आणि ते सांगताना तिचा आवाज अगदी बारीक झाला.

"आत्ती इचारायच्या, देवा आला का. मी म्हनायची, यष्टी निपाणीला आलीया, आता येतील. चारदा म्हनलं मी तसं. त्या दाराकडं तोंड करून पडल्यात्या. तशाच गेल्या." तिने पदराने नाक पुसलं. "मनात ठेवून मराय नगं वाटलं, भावजी. माफ केलं म्हणा."

देवाप्पाला रडू आलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. एखाद्याच्या घरात चोरून शिरावं तसा तो त्या बाईच्या मनात शिरला होता. माफ करणारे आपण कोण? तो मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत राहिला.

बाहेर पावलं वाजली. परशराम उंबऱ्याशी येऊन थांबला. देवाप्पाकडे न बघता तो बायकोला म्हणाला, "अगं, रडू नगस आता. पडलं त्ये. काल रातीलाच, समुद्रात. सकाळच्या बातम्यांत सांगितलं म्हनं."

राजाबाईने नवऱ्याकडे बघितलं, मग कोनाड्यातल्या रेडिओकडे, मग देवाप्पाकडे. ती नजर लांबली नाही, पण तिला सगळं कळलं होतं.

"भावजींच्या रेडिओचं सेल उतरल्यात," ती नवऱ्याला म्हणाली. "त्यास्नी कुठनं कळायचं?"

परशराम आपल्या घरात गेला. शेजारी फळीवरचे डबे सरकवल्याचा आवाज झाला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात बॅटरीतून काढलेले दोन सेल होते. रात्री वखारीतून घरी येताना ती बॅटरी त्याला लागायची. वाकून त्याने ते सेल उंबऱ्यावर ठेवले आणि माघारी वळला.

"आण्णा," देवाप्पा म्हणाला.

आठ वर्षांनी हाक मारली होती. परशरामची पाठ तशीच राहिली.

"सेल चांगलं हाईत. मला सकाळीच कळलंतं. वैनी आली त्याच्या आधीच."

राजाबाईने मान भिंतीकडे फिरवली. परशराम वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला खरंच काही उमगत नव्हतं.

"मग सांगायचं न्हाईस व्हय रं?" तो म्हणाला. "ही बिचारी रातभर जागी हाय."

देवाप्पाने सतरंजीवर बाजूला सरून जागा केली. परशराम उंबऱ्यातच उभा राहिला, उत्तराची वाट बघत.