गुरूशेजारची कणी

धर्मापुरीचे किराणा दुकानदार मन्मथप्पा यांची नजर अशी की, पोत्यातल्या तुरीतला खडा ते बसल्या जागेवरून दाखवायचे. त्यांचा मुलगा रवि शाळेत विज्ञान शिकवायचा. माघातल्या एका संध्याकाळी त्यानं गच्चीवर दुर्बीण लावली, तेव्हा आप्पांनी भिंतीच्या कडेआड गुरूचा झगमगाट झाकला आणि म्हणाले, "ह्याच्या शेजारी बारीक कणी हाय बघ. उगवतीच्या अंगाला."

रविनं दुर्बिणीतून पाहिलं. गुरूचा एक चंद्र त्याच्यापासून बराच दूर, नेमका उगवतीकडे होता. नुसत्या डोळ्यांनी तो दिसणारा माणूस विरळाच. रवि हरखून गेला. शाळेत त्यानं सगळ्यांना सांगितलं, आणि माणसं संध्याकाळी गच्चीवर जमू लागली. "आज किती दिसतात, आप्पा?" रवि रोज विचारायचा.

पाचव्या दिवशी आप्पा खुशीत म्हणाले, "आज लई दिसायलेत. सात-आठ. ज्वारीच्या दाण्याएवढाले!"

"नजर असावी तर अशी!" शेजारचे शिवशंकर म्हणाले. सगळे हसले.

रविनं मात्र पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. दुर्बिणीत त्या घडीला तीनच चंद्र होते. आणि इतक्या लांबून गुरूचा चंद्र दिसलाच, तर सुईच्या टोकाएवढा. दाण्याएवढा कुणालाच दिसत नाही.

त्यानं आप्पांना हाताला धरून जिन्याच्या अंधाऱ्या भिंतीपुढं नेलं. "हितं बी दिसायलेत का?"

"हायेत की."

"डोळे मिटा बरं."

आप्पांनी मिटले. "तरी हायेत. चमकून जायलेत." मग त्यांचा आवाज उतरला. "रवि, उजव्या डोळ्यात खालून काळं का म्हणून चढायलंय?"

रविनं तशीच जीप ठरवली. लातूरच्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, "डोळ्यातला पडदा सुटलाय. चमक कधीपासून दिसतीय?"

"तीन-चार दिस झाले," आप्पा खाली मान घालून म्हणाले. "मला वाटलं, चंद्रच हायेत."

रविला त्यांच्याकडे बघवेना. ऑपरेशन झालं, पण उजव्या डोळ्याला आता उजेड-अंधारच तेवढा कळतो. डाव्याचाही पडदा पातळ झालाय, जपा, असं डॉक्टरांनी बजावलं.

तेव्हापासून शाळेतून आला की रवि विचारतो, "आप्पा, काही चमकलं का?" आप्पा "न्हाई" म्हणतात. काल मात्र तो दुकानाची पायरी चढतोय तोच, त्यानं विचारायच्या आधीच आप्पा म्हणाले, "न्हाई रे, काहीच न्हाई," आणि डाव्या डोळ्यावरचा हात त्यांनी झटकन खाली घेतला.