या नावाचा कोणी नाही

"म्हंजी एकच शेअर असता, तरी चाललं असतं?" व्यंकट पांचाळने विचारलं.

ग्यानोबा सरांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाईल नाकाजवळ नेला आणि ती इंग्रजी ओळ पुन्हा एकदा वाचली. वाचून काय बदलणार होतं?

"असंच लिव्हलंय बाबा. सभेत बोलायला किमान एक शेअर पायजे. एक."

औशाहून निलंग्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एका कडुलिंबाखाली दोघं बसले होते. सकाळचे साडेदहा वाजले होते. अकरा वाजता सुरसेतू टेलिकॉम या कंपनीची वार्षिक सभा मोबाईलवर सुरू व्हायची होती, आणि त्या सभेत बोलणाऱ्या भागधारकांच्या यादीत एकोणिसावं नाव व्यंकटचं होतं. तीन मिनिटं मिळणार होती.

व्यंकट एकदम हसला. नाहीतर काय करणार होता? तीन आठवड्यांपूर्वी या सुरसेतूचा भाव आठावरून चौदावर गेला होता. सरकार कंपनीची देणी माफ करणार, अशी आवई उठली होती. सगळ्यांनी विकून हात धुऊन घेतले. याने विकले नाहीत. का, तर ठरलेल्या तारखेला शेअर खात्यात नसले तर सभेत बोलता येत नाही. मग आवई विरली, भाव आला तसा परत आठवर गेला, आणि याचे चार हजार शेअर याच्याकडेच राहिले. आता कळत होतं की एक ठेवून बाकीचे विकले असते तरी चाललं असतं.

"सर, ह्ये राजकन्याला सांगू नका बरं."

"काय सांगू नका?"

राजकन्या, म्हणजे व्यंकटची बायको, झाडामागून डबा घेऊन आली. नवरा खरंच बोलतो का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला ती स्कूटीवर मागे बसून आली होती. सर गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण सर पडले मास्तर. विचारलं की उत्तर द्यायची तीस वर्षांची सवय.

"अगं आई गं!" ती डबा घेऊन मटकन खालीच बसली. "पुढच्या खोलीचा सलॅब टाकून झाला असता की वं! एक ठिवायचा न् बाकीचे इकायचे, एवढी बी अक्कल न्हाई? दुनिया इकून मोकळी झाली, आन् ह्ये बसले हरिश्चंद्र!"

"एका शेअरवर बोललो असतो," व्यंकट म्हणाला, "तर आवाज निघाला नसता माझा."

"आता निघू द्या म्हंजी झालं," ती फणकारली आणि डब्यातली भाकरी त्याच्या हातावर आपटली.

ग्यानोबा सर 'लातूर लखपती' नावाच्या शेअरवाल्यांच्या ग्रुपचे चालक. त्यात झेडपीचे मास्तर होते, मेडिकलवाले होते, एसटीचे वाहक होते, तहसीलातले दोन कारकून होते. सुरसेतूवर इतकं कर्ज होतं की मराठीपासून गणितापर्यंत सगळं शिकवणाऱ्या सरांनाही त्यातली शून्यं एका दमात मोजता येत नसत. पण म्हणूनच ती सगळ्यांची लाडकी. आठ रुपयांची वस्तू ऐंशीला जाईल, हे स्वप्न बघायला तिकीट लागत नाही. भाव पडला की अजून घ्यायचे, आणखी पडला की आणखी घ्यायचे. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात त्याला या मंडळींनी 'अॅव्हरेज करणं' असं गोंडस नाव ठेवलं होतं. सरांनीही चौदाला विकले होते खरे, पण राहवेना म्हणून बाराला परत घेतले, आणि आता ते खोलात उभे होते.

"ह्ये घे," त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. "इंग्रजीत लिव्हलाव, खाली मराठी उच्चार बी घातलाव. देणी कधी माफ होनार, नवा पैसा कोन घालनार. बस. दीडशे मानसं तुझ्या तोंडाकडं बघूलालीत, व्यंकट."

व्यंकटने चिठ्ठी घेतली, नीट घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

त्याला दुप्पट-तिप्पट काही करायचंच नव्हतं. एकोणीस वर्षं तो सुरसेतूच्या टॉवरांची देखभाल करत होता. औसा, निलंगा, कासारशिरशीपर्यंतच्या पट्ट्यातला एकही टॉवर असा नव्हता ज्याच्या टोकावर बसून त्याने विडी फुंकली नव्हती. सोबतीला निलंग्याचा शिवकुमार बिरादार. त्याची सोळा वर्षं झालेली. दोन वर्षांपूर्वी आषाढातल्या वाऱ्यात शिवकुमार वर गेला, कमरेचा पट्टा तुटला आणि संपलं. तो टॉवर इथून समोरच दिसत होता.

ठेकेदार म्हणाला, शिवकुमारने महिन्याआधीच काम सोडलं होतं. शिवकुमारच्या बायकोने, रत्नम्माने, कंपनीला पत्र घातलं. उत्तर आलं एका ओळीचं: या नावाचा कोणीही कर्मचारी आमच्याकडे नाही व नव्हता. तेव्हा व्यंकटला पहिल्यांदा कळलं की आपलंही नाव कुठंच नाही. आपण ठेकेदाराच्या ठेकेदाराचे. उद्या आपण पडलो तर आपणही जन्मलोच नव्हतो. पुढे कामावरून कमी केलं, हातात थोडी रक्कम आली, तेव्हा त्याने तिचे सुरसेतूचेच शेअर घेतले. ग्रुपवाल्यांना वाटलं, आला आणखी एक लखपती व्हायला. हा आला होता कंपनीच्या वहीत नाव लावायला. आता ते नाव लागलं होतं, आणि मालकाला कोणी 'तू कोण?' असं विचारू शकत नव्हतं.

अकरा वाजले. सभा सुरू झाली. व्यंकटने हट्टाने सुरसेतूचंच सिम घातलं होतं.

"माझं घे की, त्याला रेंज चांगली हाय," सर म्हणाले.

"कंपनीच्या सभंत कंपनीच्याच तारंवरून बोलनार. तुटली तर त्यांची अब्रू जाईल, माझी न्हाई."

"मग टावरच्या बुडाशीच जाऊन बसू की!"

"तितं रेंज नसतीय, सर. दिव्याखाली अंधार म्हनत न्हाईत का? टावरचं बी तसंच. तीनशे पावलं लांब लागतंय. म्हनून तर ह्या झाडाखाली बसलाव."

सरांनी तीस वर्षं ही म्हण फळ्यावर लिहिली होती. तिचा असा अर्थ त्यांना कधी सुचला नव्हता.

पडद्यावर मुंबईतले साहेब ओळीने बसले होते, समोर पाण्याचे ग्लास. एकेक भागधारक बोलू लागला. काय ती लाळ! एकाने अध्यक्षांच्या दीर्घायुष्यासाठी श्लोक म्हटला. एकीने अहवालाच्या मुखपृष्ठाच्या रंगाचं कौतुक केलं. एकाला दिवाळीची मिठाई पूर्वी मिळायची ती बंद का झाली, एवढीच चिंता होती. ज्या कंपनीचं घर जळत होतं, तिच्या पडद्यांचा रंग किती छान, असं सगळं चाललं होतं. राजकन्या कपाळाला हात लावून बघत होती.

"स्पीकर शेअरहोल्डर नंबर नाइंटीन," मोबाईलमधून आवाज आला. "मिस्टर व्यंकट पांचाळ."

व्यंकट उभा राहिला. बसून बोलला असता तरी चाललं असतं, पण तो उभा राहिला. राजकन्याने मोबाईल दोन्ही हातांनी त्याच्या तोंडासमोर धरला, असा की मागचा टॉवर दिसावा. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सर खिशाकडे बोट दाखवून खुणा करत होते: चिठ्ठी, चिठ्ठी!

साहेबांना कळावं म्हणून व्यंकट हिंदीत बोलला. हिंदी औशाचीच होती.

"नमस्कार. मैं व्यंकट पांचाळ, औसा, जिल्हा लातूर. चार हजार शेअर हैं मेरे. चौदा को बी नहीं बेचा. मेरेकू भाव का कुछ नहीं पूछना."

सरांनी डोळे मिटून घेतले.

"पीछे टावर दिखता क्या? तुम्हाराच है. उसपे सोला साल शिवकुमार बिरादार चढा. उसीपेसे गिरके मरा. उसकी घरवाली ने चिट्ठी लिखी, तो तुम बोले, इस नाम का हमारे पास कोई नहीं. मैं उसके संग चढता था साब, इन हातों से उसका पट्टा बांधता था. एकच सवाल है. शिवकुमार बिरादार तुम्हारा था के नहीं था? हाव बोलो, नहीं तो ना बोलो."

तार तुटली नाही. शब्द न् शब्द मुंबईला गेला. अध्यक्षांनी पाण्याचा घोट घेतला. शेजारचे साहेब त्यांच्या कानाशी वाकले. मग अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले की कंपनीसाठी सुरक्षितता हीच सर्वोच्च बाब आहे, पांचाळजींनी आपलं म्हणणं सचिवांना ईमेलने कळवावं, धन्यवाद.

"साब, हाव के ना?"

पडद्यावरच्या माइकच्या चित्रावर तिरपी रेघ आली. व्यंकटचे ओठ हलत राहिले, आवाज फक्त या झाडाखालीच राहिला. तिकडे विसावा वक्ता बोलायला लागला.

"ओ!" राजकन्या मोबाईलवर ओरडली. "तीन मिन्टं म्हनले होते की! दीड तरी झालं का? आमचं दीड मिन्ट द्या आदी!"

तिचंही कोणी ऐकलं नाही. तिने तो मोबाईल तसाच धरून ठेवला, हात भरून येईपर्यंत.

त्या दिवशी भाव तीस पैशांनी पडला. तो रोजच पडत होता, पण ग्रुपने ते व्यंकटच्या माथी मारलं. 'पांचाळने वाट लावली', 'दीडशे जणांचा घात', 'मढ्याच्या टाळूवरचं लोणी' असले निरोप दुपारपर्यंत आले आणि चार वाजता त्याला ग्रुपमधून काढलं. काढावं लागलं सरांनाच, चालक तेच ना. रात्रीपर्यंत त्यांना जेवण गेलं नाही, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

आठ दिवसांनी सर झेरॉक्सच्या दुकानातून धावतच व्यंकटच्या घरी आले. हातात चार कागद होते. सभेत बोललेलं सगळं इंग्रजीत टाइप करून कंपनीने वेबसाइटवर टाकलं होतं.

"आलं रे, व्यंकट! कंपनीच्या कागदावर आलं! आन् काय लिव्हलंय, ऐकशील तर रडशील."

व्यंकटने ऐकलं. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तिघंही तसेच दुपारच्या एसटीने निलंग्याला गेले.

रत्नम्मा शाळेत खिचडी शिजवायला होती. पोरं जेवून वर्गात गेली होती आणि ती हौदाजवळ भलं मोठं पातेलं घासत होती. यांना बघून तिने हात धुतले, पदराला पुसले.

"अय्यो, भावजी, न सांगता? काय खबर?"

"खबर चांगली हाय, वैनी. वाचा, सर."

सरांनी वाचलं, एकेक वाक्य मराठीत करून. सोळा वर्षं चढला, त्यावरूनच पडला, तुमचा होता की नव्हता. रत्नम्माने मान खाली घालून ऐकलं. वाचून झाल्यावर ती जवळ आली.

"कुठं हाय त्यांचं नाव?"

सरांनी बोट ठेवलं. "ह्ये बगा. शिवकुमार."

"आन् बिरादार?"

सर समजावून सांगू लागले. "त्याचं असं झालं वैनी, व्यंकट हिंदीत बोलला. लिहिनाऱ्याला बिरादार न्हाई, बिरादर ऐकू आलं. हिंदीत बिरादर म्हंजी भाऊ. म्हनून त्यानं इंग्रजीत 'ब्रदर' लिव्हलं. दोन्ही ठिकानी. 'शिवकुमार, भाऊ, सोळा वर्षं चढला.' चूक हाय खरी. पन देवाचं मन बगा! कंपनीच्याच कागदावर तुमच्या मालकाला भाऊ म्हनलंय."

"मला तर लई बरं वाटलं, वैनी," व्यंकट म्हणाला. राजकन्यानेही डोळ्यांना पदर लावला.

रत्नम्मा त्या शब्दाकडे बराच वेळ बघत राहिली. तिला इंग्रजी येत नव्हतं. पण तिचं बोट बरोबर त्या शब्दावर होतं.

"सर," ती म्हणाली, "ह्या गावात धा शिवकुमार सापडतील तुमाला. आन् भाऊ कुनीबी कुनालाबी म्हनतंय. त्यो ठेकेदार बी भाऊच म्हनायचा त्यान्ला. 'भाऊ, वारं हाय खरं, पन चढ की जरा.'"

सर कागदाची घडी करायला लागले, तिने तो धरून ठेवला.

"त्यांनी मला काय लिव्हलं हुतं? या नावाचा कुनी न्हाई. मंग हितं तरी नाव कुठं हाय?" तिचा आवाज चढला नव्हता, पण हौदावरच्या दुसऱ्या बाईने नळ बंद केला. "भावजी, तुमी लई केलाव. घरदार पणाला लावून बोललाव. पन ह्ये मला चालत न्हाई. पेन हाय का?"

सरांनी पेन दिला. रत्नम्माने पातेलं पालथं घातलं, त्याचं बूड पदराने कोरडं केलं आणि कागद त्यावर पसरला. तिची शाळा सीमेपलीकडची, कानडी, चौथीपर्यंतची. मराठी अक्षरं ती इथे येऊन शिकली होती, त्यामुळे हात सावकाश चालत होता. तिने तो इंग्रजी शब्द आडवी रेघ मारून खोडला. वर लिहायला जागा पुरेना, म्हणून अक्षरं समासात गेली, तिथून खाली उतरली. शिवकुमार मल्लिकार्जुन बिरादार. रफार नीट पडला नव्हता, तो तिने पुन्हा गिरवला.

मग दुसऱ्या ठिकाणचा शब्द शोधून तोही खोडला, आणि तिथेही पूर्ण नाव लिहिलं.

"घ्या," तिने कागद सरांकडे दिला. "आता पाठवा त्यान्ला."