सहा बुटांची मुंगी

नणंदेच्या फोनमधली माझी मुलगी माझ्या फोनमधल्या माझ्या मुलीपेक्षा गोड दिसायची. हे मी कुणालाच बोलून दाखवलं नाही. नवऱ्याला एवढंच म्हटलं, की मला फोन बदलायचाय आणि ताईंचा आहे तसलाच हवाय.

"अगं, त्यात सगळंच वेगळं असतं. मागे जायचं बटणसुद्धा नाही."

"मला नाही जायचं मागे."

ताई वर्षभर आमच्याकडे राहून दोन महिन्यांपूर्वी बदलीच्या गावी गेल्या. सामान गेलं, पण ठकीच्या तोंडचं 'आत्या' काही गेलं नाही. साडेतीन वर्षांची ठकी केस विंचरायला बसते ती एकाच अटीवर: आत्याने स्वतःच्या आवाजात पाठवलेली मुंगीची गोष्ट फोनवर लावायची. मुंगीच्या सहा बुटांपैकी एक हरवतो आणि ती घरभर शोधत फिरते. पावडरच्या डब्यापाशी मुंगी पोचते तेव्हा बोलता बोलता ताईंना खरीच शिंक आली, ती तशीच राहिलीय. ठकी त्या शिंकेची वाट बघत असते. गुंता मी सोडवायचा, हात माझे दुखणार, आणि ही खुदखुदणार आत्याला!

दुकानात काउंटरमागच्या मुलीने दोन्ही फोन शेजारी ठेवून वायर जोडली.

"फोटो, नंबर, सगळं येईल मॅडम. चॅटिंग पण घ्यायचं ना? आत्ता राहिलं तर नंतर नवा फोन पुसून पहिल्यापासून करावं लागेल."

चॅटिंगमध्ये ताईंच्या तेहतीस गोष्टी होत्या. मी मोजल्या होत्या.

"नको. कचराच आहे सगळा."

"बघा हं."

"बघितलंय."

जुन्याची काच तडकलेली, दुकानाने तो बदल्यात घेतला नाही, म्हणून परत घेऊन आले आणि कपाटात टॉवेलांखाली सारला. त्या संध्याकाळी मी उगाचच गुणगुणत होते. नव्या फोनमध्ये ठकीचे चाळीस फोटो काढले. अगदी ताईंच्या फोनमधल्यासारखे आले.

सकाळी कंगवा घेतला.

"आत्या लाव."

"नव्या फोनमध्ये आत्या आलीच नाही गं. वाटेत हरवली."

ठकीने फोन उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"मी सांगते ना गोष्ट," म्हणत मी सुरुवात केली. "एक मुंगी होती, तिचे सहा लाल बूट होते..."

"निळे!"

"बरं, निळे. ती पलंगाखाली गेली..."

"आधी खुर्ची!"

पावडरच्या डब्यापर्यंत कशीबशी पोचले आणि तशीच पुढे निघाले. ठकीने मान वळवली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ती कशाची वाट बघतेय हे मला कळलं आणि गोष्ट तिथेच थांबली.

तीन दिवस वेण्या तशाच अर्ध्यामुर्ध्या. चौथ्या दिवशी ऑफिसातून आले तर ठकी खुर्चीखाली. मग पलंगाखाली. तिथून रांगत कपाटाशी गेली आणि पावडरच्या डब्याचं झाकण उघडून तिने आत डोकावलं.

"काय शोधतेयस गं?"

"आत्या," ती हळूच म्हणाली. "ती घाबरली असेल ना?"

मी टॉवेल उपसले, जुना फोन पर्समध्ये टाकला आणि ठकीला कडेवर घेऊन थेट दुकान गाठलं.

"पुसा आणि पहिल्यापासून करा. चॅटिंगसकट."

'मी म्हटलं नव्हतं?' असं ती मुलगी म्हणाली नाही. त्यापेक्षा म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. तिने एवढंच विचारलं, "चार दिवसांतले फोटो जातील. ठेवायचेत?"

ठेवायचे म्हणजे आणखी एक तास थांबणं आलं, आणि ठकी काउंटरवर बसून सारखी विचारत होती, "आली का आत्या?"

"जाऊ देत," मी म्हटलं.

वायरीतून आत्या आली. ठकीने तिथेच फोन कानाला लावला आणि शिंकेला इतकी हसली, की दुकानातलं गिऱ्हाईकही हसलं. मी सोडून सगळे.

दुसऱ्या दिवशी वेणी घालताना मुंगी खुर्चीखाली गेली, पलंगाखाली गेली. पावडरचा डबा यायच्या आत मी फोन थांबवला आणि शिंकले.

ठकीने वळून पाहिलं.

"आत्याची मोठी असते."

मी पुन्हा शिंकले, घसा खरवडेपर्यंत.