अर्जात लिहिलेला नंबर

शालू परतवाड्यातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. नवऱ्याची, मनोजची, मारझोड सोसून सोसून शेवटी ती अकोल्याहून निघून आली, तेव्हा जुनं सिमकार्डही तिनं मोडून टाकलं. नवा नंबर फक्त माहेरी आणि दवाखान्यात ठाऊक होता. पुढे मतदार यादीत पत्ता बदलायचा म्हणून तिनं अर्ज भरला. त्यात मोबाइलचा रकाना होता. घरी आलेल्या बीएलओ, म्हणजे मतदार नोंदणीचं काम करणाऱ्या शाळेतल्या सीमा मॅडम, म्हणाल्या की नंबर यादीत छापत नाहीत, तो कार्यालयापुरताच राहतो. शालूनं विश्वासानं लिहिला.

विधानसभेच्या निवडणुकीची धामधूम सुरू झाली. एका दुपारी ती वॉर्डात सलाइन बदलत असताना फोन वाजला.

"यंदा मत देशीन ना, शालू?" पलीकडून मनोज बोलला. "नंबर बदलून काय झालं? आमच्या ॲपात नाव टाकलं का घर, फोन, सारं दिसते."

तिनं फोन बंद केला. सलाइन लावून मगच ती बाहेर आली आणि जिन्यात बसली. मनोज प्रचाराची कामं घेणाऱ्या एका एजन्सीत लागला होता, हे तिला भावाकडून कळलं होतं. आपला नंबर तिथं जाऊन पडला असेल, हे मात्र तिच्या स्वप्नातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती निवडणूक कार्यालयात गेली. तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं की मतदार यादी सार्वजनिक असते, कोणीही पाहू शकतो. शालूनं यादी उघडून त्यांच्यापुढे धरली. नाव होतं, वय होतं, घर क्रमांक होता. मोबाइल कुठेच नव्हता. साहेबांनी यादी बाजूला सारली आणि म्हणाले, "मॅडम, एवढा त्रास होत असेल तर नंबर बदलून घ्या ना."

तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"चोरी तुमच्या घरातून झाली, अन् कुलूप मी बदलू? काहून?"

लेखी तक्रार दिल्याशिवाय ती तिथून उठली नाही. पोलीस तर याला नवरा-बायकोचं भांडण म्हणून मोकळे झाले. तेव्हा ती अमरावतीला, वकिली करणाऱ्या मावसभावाकडे, धर्मेंद्रकडे गेली. त्यानं समजावलं की नोंदणीसाठी घेतलेला नंबर आतल्या कोणी बाहेर दिला असेल तर ती कर्तव्यातली कसूर ठरते, त्याला शिक्षाही आहे. पण ते कलम लावायला वरच्या निवडणूक अधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

"म्हणजे ज्यांच्याकडून फुटला, त्यांच्याच साहेबाले विचारायचं?"

"हो. कायदा तसाच हाये, ताई," धर्मेंद्र म्हणाला. त्यानं मुंबईला मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अर्ज पाठवला आणि मनोजच्या धमकीची फिर्याद वेगळी नोंदवून घेतली.

मनोजला पोलिसांनी बोलावून तंबी दिली, एजन्सीचं ॲप बंद झालं. सीमा मॅडम स्वतः जबाब द्यायला गेल्या. त्यांनी अर्ज जसा घेतला तसा कार्यालयात जमा केला होता. कार्यालयातून नंबर कोणी विकला किंवा दिला, त्याची चौकशी अजून चालूच आहे. त्या ॲपात शालूसारखे आणखी कितीतरी जणांचे नंबर होते. त्या साऱ्या माणसांना कोणी कळवलंसुद्धा नाही, याचाच तिला जास्त संताप येई.

आई घाबरली होती. "यादीतून नावच काढून टाक, पोरी. कटकट मिटते."

"त्यानं घर सोडाले लावलं, आता मत बी सोडू?" शालू म्हणाली. "नाव काढत नाई अन् नंबर बी बदलत नाई."

मतदानाच्या दिवशी ती सकाळीच रांगेत जाऊन उभी राहिली. भीती गेली नव्हती. दर थोड्या वेळानं ती मागं वळून पाहत होती, आणि तसं पाहावं लागतं म्हणून मनातल्या मनात धुमसत होती.