संमतीपत्रावरची सही

कॉलेजच्या पोर्टलवर माझ्या नावापुढे एकशे तीस क्रेडिट दिसतात. पदवीला एकशे बत्तीस लागतात. राहिलेली दोन मौखिक इतिहासाची आहेत. ती का राहिली ते मी कॉलेजात कुणाला नीट सांगितलेलं नाही. अनिरुद्ध सरांनी विचारलं तेव्हा ‘घरी आजारपण आहे’ एवढंच म्हटलं. ते खोटं नव्हतं.

बी.ए.ला पुन्हा नाव घातलं तेव्हा मी एकावन्न वर्षांची होते. लग्न झालं तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते आणि इतिहास तिथेच राहिला. फॉर्म ह्यांनीच आणला. जुनी दोन वर्षं आता धरत नाहीत, सगळं पहिल्यापासून करावं लागेल, असं खिडकीवर सांगितलं तर हे मला म्हणाले, “बरं झालं. अर्धवट घडी मोडून पुन्हा घालायला तुला आवडतंच.”

पहिल्या दिवशी कॉलेजच्या रखवालदाराने मला फाटकात अडवलं. “पालकसभा शनिवारी आहे, मावशी.” घरी येऊन सांगितलं तर हे, म्हणजे दीनानाथराव, तासभर हसत होते. नंतर तीन वर्षं, मी पुस्तक घेऊन बसले की विचारायचे, “काय पालक, झाला का अभ्यास?”

सकाळी पूजा, तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, मग प्राचीन भारत. पुढच्या सत्रात मराठ्यांचा काळ, मग आधुनिक महाराष्ट्र, मग इतिहासाची साधनं. कोथरूडच्या आमच्या दोन खोल्यांत हे सगळं एकाच टेबलावर मावत होतं. शेवटच्या सत्रात मौखिक इतिहासाचा प्रकल्प होता. एका माणसाची मुलाखत घ्यायची, निदान चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग करायचं, ते शब्दाला शब्द उतरवून काढायचं आणि सोबत त्या माणसाच्या सहीचं संमतीपत्र जोडायचं.

“सही नसेल तर रेकॉर्डिंग कितीही चांगलं असू दे, ते आपलं नाही,” सर म्हणाले होते. “ज्याचं बोलणं, त्याची परवानगी.”

मी ह्यांनाच निवडलं. खडकीच्या बाजूला लोखंड ओतायची एक फाउंड्री होती, आता बंद पडली, तिथे ह्यांनी तीस वर्षं काढली. त्यातल्या एकाच दिवसाबद्दल हे कधी बोलले नाहीत. सीताराम म्हणून ह्यांचा जोडीदार होता, तो भट्टीपाशी भाजून गेला तो दिवस. पंचवीस वर्षं झाली त्याला. दर वर्षी मार्गशीर्षात ती तिथी आली की हे सकाळी निघायचे, सीतारामच्या बायकोकडे जाऊन यायचे आणि आल्यावर आंघोळ करायचे. मी विचारत नसे.

“बाकी सगळं सोडा,” मी म्हटलं. “त्या दिवसाचं सांगणार असाल तर फोन चालू करते.”

हे म्हणाले, “परीक्षेला येणार आहे का?”

“प्रश्नच तो आहे.”

“मग सांगायला हवं.” रविवारी संध्याकाळी संमतीपत्रावर सहीसुद्धा करून टाकली. “घे. इतकी वर्षं फुकट बोललो, आता कायदेशीर ऐक.” ठरलं की मंगळवारी दुपारी जेवणं झाली की बसायचं.

चातुर्मासात माझं मौनभोजन असतं. बारा वर्षं झाली. पहिला घास घेतल्यापासून चूळ भरेपर्यंत बोलायचं नाही, आणि कार्तिकात उद्यापनाला देवळात घंटा द्यायची. ह्यांना ते अंगवळणी पडलं होतं. ‘माझ्या संसारातली सर्वांत शांत वीस मिनिटं’ म्हणायचे. स्वतःही बहुधा गप्पच जेवायचे.

त्या मंगळवारी मात्र माझा दुसरा-तिसरा घास झाला असेल, तोच हे बोलायला लागले. ताटाकडे बघत, मला सांगतायत की आमटीला, कळू नये असं.

“त्या दिवशी सीताराम भट्टीकडे जाणार नव्हता. त्याचं काम दुसरीकडे होतं. मीच त्याला—”

मी डावा हात वर केला. पंजा त्यांच्याकडे करून. थांबा, एवढंच म्हणायचं होतं मला. फोन आतल्या खोलीत आहे, मी ताटावर आहे, व्रत आहे, दहा मिनिटं थांबा. हे सगळं एका पंजात मावत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बरं, बरं,” म्हणाले. “जेव तू.”

जेवून हे आत जाऊन पडले. मी चूळ भरली, भांडी घासली, ओटा पुसला, फोन पुरता चार्ज झालाय का पाहिलं, वही घेतली आणि आत गेले. पाण्याचा पेला खाली पडलेला होता. ओठ एका बाजूला ओढले गेले होते. मला बघून ते काहीतरी म्हणत होते, आणि त्यात शब्द नव्हता.

दवाखान्यात तीन आठवडे गेले. उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गेलं. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना, बोलता येणार नाही, पुढचं पुढे पाहू. घरी आणल्यावर हाक मारायची सोय हवी म्हणून मी उद्यापनासाठी आणलेली पितळी घंटा त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली. देवाची होती, पण दुसरं काही सुचलं नाही. तहान लागली की वाजवत, कूस बदलायची असली की वाजवत.

संमतीपत्र फाइलमध्ये होतं. ह्यांच्या उजव्या हाताची ती शेवटची सही.

सरांना फोन केला. “काकू, दुसरा माणूस घ्या,” ते हळू आवाजात म्हणाले. “महिनाअखेरपर्यंत मुदत देतो. त्याच्यापुढे मात्र माझ्या हातात नाही.”

मग मी सोजरबाईंकडे गेले. सीतारामच्या बायकोकडे. पदवीसाठी गेले, हे नाकारत नाही. पण ह्यांनी जिथे पोचायचं ठरवलं होतं तिथे दुसऱ्या वाटेने तरी जाता येईल, असंही मनात होतं. शेजारच्या अस्मिताला ह्यांच्यापाशी बसवलं आणि बसने खडकी गाठली.

सोजरबाई बाजाराच्या मागे एका खोलीत राहतात. पासष्टीच्या असतील. ह्यांच्या आजाराचं ऐकून त्यांनी पदर तोंडाला लावला. माझं काम सांगितलं तर म्हणाल्या, “माझं बोलणं कालिजात? बरं हाय. धाकटी सून म्हणते, आत्याबाई, जरा कमी बोला.”

त्या सत्तेचाळीस मिनिटं बोलल्या. गावाहून इथे कशा आल्या, सीताराम पगाराच्या दिवशी जिलबी आणायचा, त्याच्या शर्टाला कायम काजळीचा वास यायचा, तो गेल्यावर तो शर्ट त्यांनी धुतलाच नाही.

“अन् दीनाभाऊ,” त्या म्हणाल्या. “वर्सातनं एकदा यायचे. च्या घ्यायचे, कप आपल्या हातानं धुवून पालथा ठेवायचे, अन् घटकाभर गप बसून निघायचे. मला वाटायचं, त्यांचं काय तरी व्रत हाय.”

मी फोन बंद केला आणि संमतीपत्र वाचून दाखवलं. त्यांनी पेन घेतलं. सही त्यांना येते, अक्षर अक्षर जोडून. कागदावर पेन टेकवलं आणि वर बघून म्हणाल्या, “एक विचारू? तुमच्यापाशी तरी बोलले का कधी? त्या दिवसाचं?”

नाही म्हटलं असतं तर सही झाली असती. रोज सकाळी देवापुढे उभी राहून मी म्हणते, खोटं बोलायची वेळ आणू नकोस. रोज म्हणायचं म्हणून म्हणते. ती वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

“एकदा बोलले,” मी म्हटलं. “त्या दिवशी सीताराम भट्टीकडे जाणार नव्हता, म्हणाले. मीच त्याला, म्हणाले.”

“मीच त्याला काय?”

“पुढचं मी ऐकलं नाही.”

“का?”

“जेवताना माझं मौन असतं. मी हात वर केला. ते थांबले. मग लगेचच त्यांना…”

सोजरबाईंनी मला पुन्हा सगळं विचारलं, जसं लहान मुलाला विचारतात तसं.

“म्हंजे ते बोलत होते.”

“हो.”

“अन् तुम्ही जेवत होता.”

“हो.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. रागाने नाही. नीट, दाबून लावलं आणि कागदावर आडवं ठेवलं.

“पंचवीस वर्सं मी म्हणत आले, त्यांचं नशीब. आता काय म्हणू? दीनाभाऊंनी पाठवलं असंल. न्हाईतर आडवलं असंल अन् आमच्या ह्येंनी ऐकलं नसंल. सांगा, काय धरू?”

“मलाही ठाऊक नाही,” मी म्हटलं.

“मग अर्ध्यावर सही कशी करू, बाई? त्या फोनातलं माझं पुसून टाका.”

त्यांच्यासमोरच पुसलं. सत्तेचाळीस मिनिटं जायला एक बोट लागलं. उठताना मी नमस्कार केला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत आणि आशीर्वादही दिला नाही. दारातून म्हणाल्या, “यंदा मार्गशीर्षात ते यायचे न्हाईत. तुम्हीबी येऊ नका.”

सरांना कळवलं. माझ्याकडे एक सही होती, तिच्यामागे आवाज नव्हता. एक आवाज होता, त्याला सही मिळाली नाही. एवढं सगळं मी बोलले नाही. पोर्टलवर त्या विषयापुढे ‘अपूर्ण’ आलं. पुढच्या वर्षी पुन्हा नोंदणी करता येते म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांना पेज भरवली आणि माझं ताट त्यांच्या खाटेशी घेऊन बसले. चातुर्मास संपायला अजून महिना होता. पहिला घास घेतला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा घास तोंडात असताना बोलले.

“अहो, मी सोजरबाईंकडे जाऊन आले. त्यांना सांगितलं, तुम्ही काय म्हणत होतात ते. जेवढं ऐकलं तेवढंच.”

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले. मला वाटलं, घंटा वाजवतील. त्यांनी घंटा चादरीवर ठेवली आणि डावा हात वर केला. पंजा माझ्याकडे करून.

मी थांबले. ताटातला भात निवत गेला. हात बराच वेळ तसाच वर होता. खाली आला तेव्हा मी तो धरला, माझा हात उष्टा असतानाही.